पैसे घ्या, अट घेऊ नका

प्रश्न : ताई, आमच्या गावचे एक संगीतकार नऊ वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या चाली आजही पंचक्रोशीतली भजनी मंडळं म्हणतात. त्यांचा ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा करायचा म्हणून दोन वर्षं आम्ही पावतीपुस्तकं घेऊन फिरतोय. 12 लाख लागणार आहेत, जमलेत पावणेतीन. आता एक उद्योजक उरलेली सगळी रक्कम द्यायला तयार आहेत, पण शिल्पकार ते सांगतील तोच, अशी अट आहे. समितीत यावरून दोन तट पडलेत. काय करावं? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : माझे वडील गावच्या वाचनालयासाठी असंच पावतीपुस्तक घेऊन हिंडायचे. संध्याकाळी ओटीवर बसून चिल्लर मोजायचं काम माझ्याकडे असे. त्यामुळे ‘जमलेत पावणेतीन’ हे तुमचे दोन शब्द मला फार लागले.

तुमच्यासारखाच पेच जर्मनीतल्या बॉन शहराला पडला होता, जवळजवळ 200 वर्षांपूर्वी. पाश्चात्त्य संगीतातला थोर रचनाकार बीथोवन तिथला, जन्म 1770 चा. तरुणपणीच ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाला गेला आणि 1827 मध्ये तिथेच वारला. गावात त्याची काही खूण असावी म्हणून 1835 मध्ये बॉनकरांनी समिती केली आणि वर्गणीसाठी जाहीर आवाहन काढलं. समितीचे पहिले अध्यक्ष होते आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल, बॉन विद्यापीठातले संस्कृतचे प्राध्यापक. भगवद्गीता देवनागरीत छापून तिचं लॅटिन भाषांतर 1823 मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केलं होतं. गीतेचा अभ्यासक एका संगीतकाराच्या पुतळ्यासाठी वर्गणी मागतोय, हे वाचलं तेव्हा मला तो माणूस आपल्या घरातलाच वाटला.

पण पैसे येईनात. चार वर्षं झाली तरी आकडा पुरेना. फ्रान्ससारख्या देशातून आले 424 फ्रँक 90 सँटीम! फ्रान्झ लिस्ट तेव्हा युरोपातला सगळ्यात नावाजलेला पियानोवादक होता. हा आकडा वाचून तो इतका संतापला की 1839 मध्ये त्यानं बॉनला कळवलं : जे कमी पडेल ते मी घालतो. आणि त्याचीही अट होती. पुतळा संगमरवरी हवा आणि तो इटलीतल्या बार्तोलिनी या शिल्पकारानंच करावा.

समितीनं त्याचे पैसे घेतले, शिल्पकार मात्र घेतला नाही. ड्रेस्डेनच्या एर्न्स्ट हेनेलची निवड झाली आणि पुतळा ब्राँझमध्येच ओतला गेला. लिस्ट रुसून बसला नाही, यासाठी मी त्याला मनापासून मानते. त्यानं स्वतःचे 10,000 फ्रँक दिले, वर मदतीसाठी कार्यक्रम केले. 25 एप्रिल 1841 ला पॅरिसमध्ये त्यानं बीथोवनचा पाचवा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) वाजवला, वाद्यवृंदाचं संचालन फ्रेंच संगीतकार बर्लिओझकडे होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : त्या उद्योजकांकडे दोघे-तिघे वडीलधारे जा, मानानं बोला, आणि पैसे घ्या. अट घेऊ नका. ‘तुमचा शिल्पकारही मातीचा छोटा नमुना देऊ दे, बाकीचेही देतील, गाव बघून ठरवील,’ असं सांगा. त्यांचं त्या संगीतकारावर खरंच प्रेम असेल तर ते थांबतील. नाहीच थांबले तर पावणेतीन लाखांत अर्धपुतळा करा. पण चेहरा कसा असावा हे ज्यांनी तुमच्या संगीतकारांना पेटीवर बसलेलं पाहिलंय, त्यांनीच ठरवायला हवं.

आता पैशांचं. बॉनसाठी संगीतकारांनी पैशांच्या जोडीला आपलं संगीत दिलं. शूमाननं पियानोसाठी एक मोठी रचना केली, तिच्या 100 प्रती विकून पैसे पुतळ्याला द्यावेत म्हणून. प्रकाशकांशी ते जमलं नाही. ती 1839 मध्ये छापली गेली, लिस्टला अर्पण करून, आणि आज जगभर वाजते. पुढे व्हिएन्नात 10 जणांच्या रचनांचा एक संग्रह याच कामासाठी निघाला. त्यात शोपँ आणि मेंडेल्सझोन दोघेही होते. तुम्ही दोन वर्षं पावती फाडताय, पण तुमच्या संगीतकारांच्या चाली लोकांपुढे किती वेळा म्हटल्यात? पत्रात एकाही कार्यक्रमाचा उल्लेख नाही. भजनी मंडळांना बोलवा, प्रत्येकानं त्यांची एकेक चाल म्हणावी, दारात दानपेटी ठेवा. लोक ऐकून देतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. समिती नोंदणीकृत नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी काढा. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. आणि जागा चौकातली धरू नका. रस्ते, पदपथ अशा सार्वजनिक वापराच्या जागी पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2013 चा आदेश आहे. शाळेचं किंवा वाचनालयाचं आवार बघा.

बॉनचा पुतळा 12 ऑगस्ट 1845 ला उघडला, म्हणजे आवाहनानंतर दहाव्या वर्षी. प्रशिया या जर्मन राज्याचा राजा आणि इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी शेजारच्या वाड्याच्या सज्जात बसली होती. पडदा सरला आणि त्यांना बीथोवनची पाठ दिसली! मुलगी तिकडे शिकत होती तेव्हा तो पुतळा आहे त्या चौकात मी जाऊन आले. बीथोवनच्या एका हातात वही आहे, दुसऱ्यात लेखणी. तोंड चौकात वावरणाऱ्या लोकांकडे. तुमच्या संगीतकारांच्या हातात काय असायचं, हे समितीनं आत्ताच लिहून ठेवा, आठवणारी माणसं आहेत तोवर.

पहिल्या कार्यक्रमाची तारीख ठरली की कळवा. माझी पेटी घेऊन मी येते.