डॅलसहून डेस्टिनला बोट ओढून न्यायचीय. ट्रेलरच्या बेअरिंगांना नुसतं ग्रीस मारलं तर चालेल का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: १८ फुटी जुनी बोट, एकाच अ‍ॅक्सलचा ट्रेलर, आधीचा मालक म्हणाला "ग्रीस भरलेलं आहे", आणि तीन आठवड्यांनी फ्लोरिडाला निघायचंय. एका बाजूचंच अंतर साडेसातशे मैलांच्या आसपास.

नाही चालणार. हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंगं बसतात) उघडायलाच हवेत, आणि ते याच शनिवार-रविवारी. आदल्या रात्री उघडलंत आणि बेअरिंग खराब निघालं तर दुकान बंद असतं.

पुढून ग्रीस गन लावली की नवं ग्रीस दिसतं आणि जिवाला बरं वाटतं. आत पाणी शिरलंय का, रोलरला खड्डे पडलेत का, हे त्यावरून काही कळत नाही. बोटीच्या ट्रेलरची खरी अडचण पाण्याची आहे. रस्त्यावर तापलेला हब बोट उतरवायच्या रॅम्पवर सरळ गार पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि मागच्या सीलमधून (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) पाणी आत ओढलं जातं. मग ट्रेलर महिनोन्महिने उभा. रोलर जिथे टेकलेले असतात नेमकं तिथे कपावर (रोलर ज्यावर फिरतात ते बाहेरचं कडं) गंज धरतो. असं बेअरिंग घर ते तळं एवढ्या फेऱ्या बिनबोभाट मारतं. हायवेवर तासन्‌तास पळालं की मात्र तापतं, ग्रीस पातळ होऊन सीलबाहेर येतं, रोलर स्पिंडलला (अ‍ॅक्सलचं टोक, ज्यावर हब फिरतो) चिकटतात, आणि पुढची पायरी म्हणजे चाक निघून जाणं.

ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, दुसऱ्या चाकाला मागून-पुढून ठोकळे लावा, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅक अ‍ॅक्सलच्या नळीला न लावता तिच्या जवळच्या फ्रेमला लावा आणि खाली स्टँड द्या. आता चाक काढण्याआधी एक हात पाट्याच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. कानाला ऐकू न येणारी खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते. मग चाक वर-खाली धरून हलवा. अगदी किंचित प्ले (हालचाल) असायलाच हवा; खडखड वाजत असेल तर नट सैल आहे किंवा बेअरिंग झिजलंय.

डस्ट कॅप (हबच्या तोंडावरचं झाकण) रबरी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोकत काढा आणि आतलं ग्रीस नीट बघा. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलंय. काळं आणि जळका वास असेल तर बेअरिंग तापलं होतं. डिस्क ब्रेक असतील तर हब काढण्याआधी कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) सोडून तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. कॉटर पिन (नट फिरू न देणारी पिन), नट, वॉशर काढून हब ओढताना पुढचं बेअरिंग आधी बाहेर येतं, तिथे हात धरा.

सगळं रॉकेलने किंवा मिनरल स्पिरिटने धुऊन कोरडं करा. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवायचा मोह आवरा, कोरडं फिरलं की पृष्ठभाग खरवडतो. उजेडात एकेक रोलर बघा. निळसर छटा, बारीक खड्डे, रोलर धरून ठेवणारी वाकलेली जाळी यातलं काहीही दिसलं तर बदला. कपावर रोलरच्या अंतराने आडवे पट्टे नखाला लागले तरी बदला. बेअरिंग आणि कप जोडीनेच बदलायचे. जुन्या कपात नवं बेअरिंग म्हणजे पैसे पाण्यात. स्पिंडलवर सील घासतो त्या जागीही नख फिरवून पाहा. तिथे खाच असेल तर नवा सीलही गळणार.

३,५०० पौंडांच्या अ‍ॅक्सलवर बहुधा आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ बेअरिंग असतं, कप अनुक्रमे एल ६८१११ आणि एल ४४६१०. हलक्या ट्रेलरवर दोन्हीकडे एल ४४६४९ सापडतं. तरी जुन्यावर कोरलेला नंबर वाचूनच मागवा. सील आणि कॉटर पिन प्रत्येक वेळी नवीनच. इथे काटकसर कशाला?

नवा कप बसवताना पितळी ड्रिफ्टने (ठोकायचा दांडा) आळीपाळीने समोरासमोर ठोका. तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बद्द न राहता टणक होतो.

ग्रीस मरीन ग्रेडचं, एनएलजीआय २ (घट्टपणाचा क्रमांक). लिथियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेट, कुठलंही एकच. जुनं काय होतं ते माहीत नसेल तर ते पूर्ण धुऊन काढल्याशिवाय नवं भरू नका. काही ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होतात. तळहातावर गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा. अरुंद बाजूने रोलरांच्या मधून ग्रीसच्या गाठी बाहेर आल्या की ती जागा भरली. थोडं फिरवून पुढची जागा. सीलच्या ओठालाही बोट फिरवा.

खरी चूक होते ती नट आवळताना. हब हाताने फिरवत नट ५० पौंड-फुटांपर्यंत आवळा म्हणजे सगळं जागेवर बसेल. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करा आणि नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत परत फिरवा. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर जुळेपर्यंत मागे या, पुढे आवळू नका. हे टेपर (तिरप्या रोलरांचं) बेअरिंग आहे. तापून फुगायला त्याला केसभर जागा लागते. "घट्ट म्हणजे सुरक्षित" या समजुतीपायी चांगली बेअरिंगं जळतात.

स्पिंडलच्या टोकाला ग्रीस निपल (ग्रीस गन लावायचं तोंड) असेल तर चाक फिरवत सावकाश पंप करा. बेअरिंग बडी (डस्ट कॅपच्या जागी बसणारी, स्प्रिंगने ग्रीस दाबून ठेवणारी टोपी) असेल तर स्प्रिंग जेमतेम हलली की थांबा. जोराने भरलं की मागचा सील उचकटतो आणि ग्रीस ब्रेकवर पसरतं. हबवर पारदर्शक खिडकी आणि आत तेल दिसत असेल तर तो ऑइल बाथ हब आहे. त्याला वरचं ग्रीसचं काहीच लागू नाही, तेलाची पातळी आणि रंग बघा.

चाकाचे नट अर्ध्या इंची स्टडवर साधारण ९० ते १२० पौंड-फूट, आडवे-तिडवे क्रमाने. पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा तपासा.

निघण्याआधी २० मैलांची चक्कर मारा. शेवटचा मैल ब्रेक कमीत कमी वापरून या आणि हबला हात लावा. कोमट ठीक. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर तो उघडा. प्रवासात दर पेट्रोल थांब्याला हेच करा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन्ही बाजूंचे आकडे लिहीत जा.

सोबत एक जादा हब ठेवा: बेअरिंगं ग्रीस भरून, सील बसवून, पिशवीत बांधलेला, बरोबर नट, वॉशर आणि कॉटर पिना. ट्रेलरखाली जाईल असा जॅक आणि त्याखाली घालायला फळी हवी. गाडीचा जॅक पुष्कळदा कामाला येत नाही. स्टेपनीची हवाही बघा, ती कोणी बघत नाही.

डेस्टिनला पोचल्यावर हब हाताला गार लागेपर्यंत बोट पाण्यात उतरवू नका. तिथलं पाणी खारं आहे, त्यामुळे ट्रेलर दर वेळी गोड्या पाण्याने धुवा आणि परतीला निघायच्या आदल्या दिवशी डस्ट कॅप काढून ग्रीसचा रंग पुन्हा बघा. दुधाळ दिसलं तर जादा हब तिथेच, सावलीत बसून चढवा. दोन्हीकडचं दुधाळ निघालं तर दुसरा हब तिथेच उघडून धुवा, नवं ग्रीस आणि नवा सील घाला. म्हणून एक जादा सील आणि ग्रीसचा डबा पिशवीत असू द्या.