न वाळणाऱ्या टॉवेलचा समतोल

प्रिय पोरी,

तुझी वही वाचली. ‘समतोल म्हणजे क्रिया थांबणे’ असं एका ओळीत लिहून तू मोकळी झालीस. मी तिथेच अडलो, म्हणून हे पत्र.

चूक तुझ्या एकटीची नाही. समतोल म्हटलं की डोळ्यांपुढे वाण्याचा तराजू येतो. पारडी सारखी झाली, काटा मधोमध आला, की सगळं स्तब्ध. बलांच्या संतुलनाला हे चित्र चालतं. रसायनशास्त्रात ते फसवतं.

तू कोकणात वाढलीस, तर जुलैतला टॉवेल आठव. चार दिवस पडवीत दोरीवर आहे, तरी दमटच, आणि वर तो कुबट वास. आपण म्हणतो, ‘वाळतच नाही.’ खरं तर त्यातलं पाणी क्षणोक्षणी उडून जात असतं. पण हवा वाफेने इतकी भरलेली असते की जवळजवळ तेवढंच पाणी पुन्हा धाग्यांत शिरतं. जाणं-येणं बरोबरीला आलं, म्हणून आपल्याला काहीच घडताना दिसत नाही. तोच टॉवेल आई चुलीवरच्या वलणीवर टाकते आणि सकाळपर्यंत वाळतो. ऊब मिळाली की पाणी उडण्याचं पारडं जड होतं. समतोल ढळवला तर तो बदल कमी करण्याच्या दिशेने व्यवस्था सरकते, हे ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये मांडलं. तुझ्या आईला ते न वाचताही ठाऊक आहे.

पुढे तू लिहिलंस, ‘शरीरही समतोल राखते.’ बोलण्यात हे ठीक. पण खोली २५ अंशांवर आणि शरीर ३७ वर, हा समतोल कसा? अन्न आत येतं, उष्णता बाहेर जाते, म्हणून आकडा टिकतो. तळाला भोक पडलेली बादली नळाखाली ठेव. पातळी हलणार नाही, पण नळ बंद कर आणि बघ. याला स्थिर अवस्था म्हणतात. घट्ट झाकलेल्या बरणीतल्या पाण्याला आणि वाफेला असा नळ लागत नाही. शरीर भोवतालाशी खऱ्या अर्थाने समतोलात येतं ते प्राण गेल्यानंतर. हे प्रथम उमगलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

‘थांबणे’ खोड. ‘दोन्ही दिशांच्या क्रियांचा वेग सारखा होणे’ असं लिही, आणि ‘बंद व्यवस्था’ (झाकलेल्या बरणीसारखी, जिच्यातून पदार्थ आत-बाहेर होत नाही) व ‘ठरावीक तापमान’ हे शब्द गाळू नकोस. शनिवारी वही घेऊन ये.

तुझे सर