फळ्यावर वर्कआउट कोण लिहितं?

“अजून किती वर्षं असिस्टंट, एवढं तिच्याकडून काढून द्या,” असं म्हणत एक वडील मुलीला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आले. खेळात रमलेल्या मुलांच्या घरचा हा नेहमीचा प्रश्न. कधी तो जिमच्या ट्रेनरबद्दल असतो, कधी क्रिकेटच्या अंपायरबद्दल. या वेळी पोहण्याच्या असिस्टंट कोचबद्दल होता. मुलीला इथे सई म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला घरच्यांची हरकत नाही.

सई 26 वर्षांची. ठाण्याच्या मारोतराव शिंदे तरण तलावात पोहायला शिकली, राज्य स्पर्धांपर्यंत गेली, बी.कॉम. झाली आणि ज्या कॉलेजकडून पोहली त्याच कॉलेजच्या संघाची असिस्टंट कोच झाली. त्याला चार वर्षं झाली होती. सकाळी साडेपाचला तलावावर, नऊला घरी, चारला पुन्हा बाहेर, ते थेट रात्री साडेआठ. वडिलांना सगळ्यात जास्त खुपायची ती तिची दुपारची झोप. भर दुपारी घरात झोपलेली तरुण मुलगी त्यांच्या लेखी बेकारच.

कॉलेजचं मानधन आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या मोसमापुरतं. बाकीची कमाई घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधल्या बॅचची. एप्रिल-मेमध्ये नव्या मुलांना नाही म्हणता म्हणता दमायला होतं, आणि पाऊस लागला की तीच मुलं सर्दी-खोकल्याचं कारण सांगून गायब. वडील सांगत होते, “जूनमध्ये ही माझ्याकडे पेट्रोलला पैसे मागते.” बँकेच्या परीक्षांच्या जाहिराती ते कापून ठेवायचे. सईने एकही फॉर्म भरला नव्हता.

पहिल्या भेटीत मी मुलीऐवजी वडिलांशी जास्त बोलले. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात परमनंट होते. कारखाना बंद पडला तेव्हा सई चौथीत होती. हिशेब मिळायला खूप वर्षं गेली. त्या काळात घर आईच्या शिवणकामावर चाललं. “म्हणूनच सांगतो, पक्कं काहीतरी हवं,” ते म्हणाले. त्यावर इतका वेळ गप्प बसलेली आई म्हणाली, “तुमचं पक्कंच होतं की.” खोलीत कुणी काही बोललं नाही. मीही त्यावर भाष्य केलं नाही. त्यांची भीती खरी होती, आणि आईचं म्हणणंही.

सईला मी घरी करायला एक काम दिलं. दोन आठवडे वही ठेवायची: तलावावरचा किती वेळ कशात गेला, आणि त्या दिवशीचा वर्कआउट, म्हणजे सरावाचा आराखडा, कुणी ठरवला. प्रशिक्षणाच्या क्षेत्रातल्या कुठल्याही मदतनिसाला मी हे करायला सांगते, कारण पगाराच्या आकड्यावरून कळत नाही ते अशा वहीतून दिसतं. सईच्या वहीत स्टॉपवॉच होतं, स्प्लिट (शर्यतीतल्या टप्प्याटप्प्याच्या वेळा) लिहून घेणं होतं, नवख्या मुलांना किक बोर्ड धरून पाय मारायला लावणं होतं, खेळाडूंचे पात्रता फॉर्म, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, स्पर्धेच्या दिवशीचे वडापाव होते. ‘वर्कआउट कुणी ठरवला’ या रकान्यात रोज एकच शब्द, ‘सर’, म्हणजे संघाचे मुख्य कोच.

“सर वाईट नाहीत हं,” ती घाईने म्हणाली. “पण मार्कर त्यांच्याच खिशात असतो.” तलावाच्या काठावरच्या पांढऱ्या फळ्यावर वॉर्म-अपपासून शेवटच्या सेटपर्यंत (सेट म्हणजे ठरावीक अंतराच्या फेऱ्यांचा गट) सगळं सर लिहायचे. चार वर्षांत तिने एकही आठवडा स्वतः आखलेला नव्हता. माझ्या मते खरी काळजी इथे होती. हाताखाली काम करण्यात काही गैर नाही. कोचिंग याच पद्धतीने शिकतात. पण जिला सेट लिहायला, इंटरव्हल ठरवायला, स्पर्धेआधी टेपर, म्हणजे सराव हळूहळू कमी करणं, कधी सुरू करायचा यावर बोलायला मिळत नाही, ती पाचव्या वर्षी पहिल्या वर्षाइतकीच कोच असते, फक्त जास्त थकलेली.

वडिलांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या डोक्यात एक सरळ शिडी होती: असिस्टंट, मग कोच, मग कॉलेजात कायम. ही शिडी तशी नाहीच, आणि हे किती तरी घरांत कुणी नीट सांगितलेलं नसतं. कॉलेजातलं वेतनश्रेणीचं पद असतं शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचं. त्यासाठी शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी 55 टक्क्यांनी, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि वर शारीरिक क्षमतेची चाचणी. बी.कॉम. झालेल्या सईला आधी बी.पी.एड., मग एम.पी.एड., म्हणजे दोन आणि दोन चार वर्षं. एवढं करून त्या माणसाचं काम काय, तर कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ, जिमखान्याचं बजेट, विद्यापीठाचा पत्रव्यवहार. पाण्याशी संबंध कमीच. शिवाय अनुदानित कॉलेजांत ही भरती रखडलेली असते. मी सईला विचारलं, हे हवंय का? ती हसली आणि म्हणाली, “बुद्धिबळाची टीम घेऊन मी कुठे जाऊ?”

दुसरी वाट प्रशिक्षकाची. तिथे चालतो तो राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, पतियाळाच्या एनआयएसचा डिप्लोमा. संस्था 1961 पासूनची. साधारण वर्षभर तिथे राहून करायचा हा अभ्यासक्रम सरकारी क्रीडा मार्गदर्शकाच्या पदापासून मोठ्या अकॅडमीपर्यंत विचारला जातो. याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्सही आहे, आणि सोसायट्यांच्या बोर्डावर ‘एनआयएस कोच’ म्हणून झळकणाऱ्यांपैकी कितीतरी जण हा छोटा कोर्स केलेले असतात. पालकांनी हे विचारायला लाजू नये. जीवरक्षकाचं आणि सीपीआरचं प्रशिक्षणही विचारावं. ते नसेल तर माझ्या मते कुणी लहान मुलांची बॅच घेऊच नये.

मध्येच वडील म्हणाले, “वीरधवल खाडे तहसीलदार झालाच की.” झाला, पण तो बीजिंग ऑलिम्पिकमध्ये, 2008 साली पोहला आणि 2010 च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य घेऊन आला. त्याला नोकरी मिळाली ती खेळाडू म्हणून. राज्य सरकारी भरतीत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण तिथेही खेळाडू म्हणून केलेली कामगिरी मोजतात आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. कोचिंगची वर्षं त्यात धरत नाहीत.

न्यू जर्सीच्या मावसभावाने आणखी एक पिल्लू सोडलं होतं: तिकडे कॉलेजचे असिस्टंट कोच पगारी असतात, इकडे ये. अर्धं खरं आहे. अमेरिकेत कॉलेज संघाचा असिस्टंट हा नोकरदार असतो, आणि तिथल्या कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या पहिल्या विभागात जुलै 2023 पासून ‘स्वयंसेवक कोच’ हा बिनपगारी प्रकारच बंद झाला. पण तिकडच्या असिस्टंटचा बराच वेळ शाळकरी जलतरणपटूंना फोन आणि ईमेल करून आपल्या कॉलेजकडे वळवण्यात जातो, आणि बाहेरच्या देशातून जाणाऱ्याला आधी व्हिसा, बहुधा तिथल्या एम.एस.ची फी. सईने ते पान मिटलं. मला ते योग्य वाटलं, पण निर्णय तिचा होता.

मग उरलं सरांशी बोलणं. हे तिला सगळ्यात जड गेलं. ज्यांनी आपल्याला फ्लिप टर्न (भिंतीपाशी कोलांटी घेऊन वळणं) शिकवली त्यांच्यासमोर तोंड उघडायचं कसं? आम्ही खोलीत सराव केला. मी सर झाले. सुरुवातीला ती दर वेळी मानधनावर घसरायची, मी थांबवायचे. पैसे वाढवणं सरांच्या हातात नव्हतंच. शेवटी वाक्य असं जमलं: “सर, मुलींच्या ग्रुपचे मंगळवार-शुक्रवारचे वर्कआउट मला लिहू द्या. आदल्या दिवशी तुम्हाला दाखवीन.”

सर हो म्हणाले. इतकं सहज, की तिला थोडा रागच आला. पहिल्या वर्कआउटमध्ये तिने मुख्य सेट म्हणून 1:40 वर 8 × 100 लिहिलं होतं, म्हणजे दर एक मिनिट चाळीस सेकंदांनी एक अशा शंभर मीटरच्या आठ फेऱ्या. सरांनी निम्मं खोडलं आणि विचारलं, “यातल्या किती जणी दिवा स्टेशनहून लोकलने उभ्या राहून येतात, माहितीय?” तिला माहीत होतं, कारण फॉर्म तीच भरायची. पण लिहिताना ते आठवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिने अंतर कमी केलं आणि सुरुवातीचे 15 मीटर, उडी आणि पाण्याखालची किक, यावर वेळ घातला. सरांनी ते न खोडता फळ्यावर लिहायला सांगितलं. पाळीच्या दिवसांत नेमकं काय करायचं, याबद्दल मुलींशी बोलणारं काठावर आता कुणीतरी आहे, हे सरांनीच नंतर पालकांच्या बैठकीत सांगितलं.

पैशाची बाजू त्यामानाने सोपी निघाली. उन्हाळ्याची कमाई वेगळ्या खात्यात टाकायची आणि त्यातून पावसाळ्यात स्वतःला दरमहा ठरावीक रक्कम द्यायची. आरोग्य विमा काढायचा, कारण खांदा हीच तिची भांडवली वस्तू. आणि उत्पन्न कमी असलं तरी आयकर विवरणपत्र भरायचं. या शेवटच्या गोष्टीने वडिलांवर माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त परिणाम केला. विवरणपत्राची पोच त्यांनी फाइलला लावली.

बापलेकीत आता करार आहे: 28 पूर्ण होईपर्यंत बँकेचं नाव काढायचं नाही, आणि तोवर सईने डिप्लोमाच्या प्रवेशासाठी अर्ज करायचा. ती तयारी करते आहे. दुपारी अजूनही झोपते. स्थळं बघताना मुलगी काय करते म्हणून सांगायचं, हा प्रश्न बाकी आहे; त्यासाठी आईने पुढच्या महिन्यात एकटीची वेळ घेतली आहे.