जुन्या मारुती ८०० ला रिमोट लॉक बसवावं का?

तुमची गाडी २००८ ची, चारही दारं हाताने लॉक करावी लागतात, आणि दुकानदार रिमोटवालं सेंट्रल लॉक सुचवून वर पुश-स्टार्टही (चावीऐवजी बटणाने गाडी चालू करायची सोय) गळ्यात मारतोय. माझं उत्तर: सेंट्रल लॉक बेलाशक बसवा, पुश-स्टार्टचा नाद सोडा.

गाड्यांचं वायरिंग हाच माझा धंदा, म्हणून सांगतो, यात रिमोट हा सगळ्यात सोपा भाग आहे. घोळ होतो तो दाराच्या आत. तुमच्या गाडीच्या कुलपात इतक्या वर्षांची धूळ आणि सुकलेलं ग्रीस बसलंय. किटमधली मोटर (दुकानात तिला ‘गन’ म्हणतात) काही पैलवान नसते, आणि मॉड्यूल (रिमोटचा सिग्नल घेऊन मोटरी चालवणारा किटमधला डबा) तिला जेमतेम अर्धा-एक सेकंद करंट देतं. तेवढ्यात कुलपाची सळई सरकली तर सरकली, नाहीतर दार उघडंच राहतं. म्हणून आधी प्रत्येक दार चावीने किंवा आतल्या खटक्याने लॉक करून बघा. दोन बोटांच्या जोराने फिरत नसेल तर डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) उघडल्यावर पहिलं काम कुलूप साफ करून ग्रीस लावण्याचं. नुसता स्प्रे मारून भागवू देऊ नका, महिन्याभरात परत ये रे माझ्या मागल्या.

ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरला पाच वायरी असतात: दोन मोटरच्या आणि तीन आतल्या स्विचच्या. चावी फिरली हे त्या स्विचमुळे मॉड्यूलला कळतं आणि बाकीची दारं मागोमाग लागतात. इतर दारांना दोनच वायरी. करंट एका दिशेने गेला की लॉक, उलटा गेला की अनलॉक. मोटर आधी दोन स्क्रूंवर तात्पुरती धरून काच पूर्ण खाली-वर करायला लावा. सळई किंवा क्लॅम्प काचेच्या वाटेत आला तर काचेवर उभा ओरखडा पडतो आणि तो जात नाही. मोटरची सळई कुलपाच्या सळईच्या सरळ रेषेतच हवी. तिरकी बांधली की सुरुवातीला चालते, मग अडकायला लागते. चारही दारांचा एकदम एकच ‘टक’ आवाज आला म्हणजे काम जमलं. मागून एखादा एकटाच ‘टक’ आला तर त्या दाराची सळई पुन्हा बघायला सांगा.

वायरी दारातून गाडीत जाताना बिजागरीजवळ रबरी बूटमधूनच (वायरींवरची लवचिक रबरी नळी) न्याव्यात. काही जण घाईत तशाच पत्र्याच्या भोकातून ओढतात. दार उघड-मीट करून वायर सोलली जाते आणि फ्यूज उडतो. पॅडच्या मागचा प्लॅस्टिकचा कागद फाडून टाकू देऊ नका. आपल्याकडच्या पावसात काचेवरून दारात पाणी उतरतंच, ते गाडीच्या आत येऊ नये म्हणून तो असतो.

आता एक गोष्ट दुकानात उभं राहूनच तपासा. रिमोटने अनलॉक करून दार उघडलं नाही, तर बहुतेक किट साधारण अर्ध्या मिनिटाने गाडी पुन्हा लॉक करतात. दार उघडलंय हे मॉड्यूलला कळायला दाराच्या लाइटच्या स्विचची वायर जोडावी लागते आणि नेमकी तीच बरेचदा सोडून देतात. मग तुम्ही दार उघडून चावी सीटवर ठेवता, पिशव्या काढून दार लावता आणि गाडी आपसूक लॉक, चावी आतच. तेव्हा काच खाली ठेवून ही चाचणी घ्याच.

किट घेताना ‘रोलिंग कोड आहे का’ हे विचारा. फिक्स कोडचा रिमोट दर वेळी तोच सिग्नल सोडतो, तो पकडून चोराला परत सोडता येतो आणि गाडी उघडते. रोलिंगमध्ये दर दाबण्याला कोड बदलतो. डिकीला मोटर हवी असेल तर पाचवी वेगळी घ्यावी लागते. मला विचाराल तर गरज नाही.

पुश-स्टार्टला नाही म्हणतोय कारण तुमच्या गाडीत स्टिअरिंगचं कुलूप इग्निशनच्या चावीवर चालतं. बटणाने गाडी चालू करायची तर ते कुलूप काढून टाकावं लागतं किंवा चावी कायम तिथेच लावून ठेवावी लागते. म्हणजे पैसे मोजून गाडी चोराला आणखी सोपी करून द्यायची! सेंट्रल लॉकही फक्त दारं सांभाळतं, इंजिन नाही. चोरीची धास्ती असेल तर उरलेल्या पैशात गिअर लॉक बसवा.

मॉड्यूल गाडी उभी असतानाही थोडा करंट खातं. समजा २० मिलिअँपिअर खाल्ला, तर महिन्याला १४ अँपिअर-तासांच्या आसपास गेले, आणि तुमच्या गाडीची बॅटरी असते साधारण ३५ ची. गावाला जाऊन महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. ड्रायव्हरचं दार अधूनमधून चावीनेही उघडत जा. रिमोटची सवय लागली की ते कुलूप जाम होतं, आणि बॅटरी उतरलेल्या दिवशी आत शिरायला चावीच कामाला येते.