धुरामुळे डीएनए बिघडतो म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : सिगारेटच्या धुराने डीएनए खराब होतो म्हणतात, पण शरीर तो दुरुस्त करत नाही का?

उत्तर : करतं ना, रोज करतं! धुरात बेंझोपायरीन नावाचं घातक रसायन असतं, ते बाहेर टाकायला सोपं जावं म्हणून आपलीच एन्झाइम्स (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) त्याला बदलतात आणि नेमकं त्यातूनच असं रसायन बनतं जे डीएनएच्या जी या अक्षराला (डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत म्हणजे रासायनिक घटकांत लिहिलेला असतो) घट्ट चिकटतं, मला हे फार वाईट वाटतं. पेशी चिकटलेला भाग सुमारे ३० अक्षरांसकट कापून नवा भरते. पण त्याआधीच पेशीचं विभाजन होताना डीएनएची कॉपी झाली तर जी च्या जागी टी येतो, आणि हा बदल मग कायमचाच, कारण टी हेही डीएनएचं नेहमीचंच अक्षर, त्यामुळे दुरुस्तीवाल्या एन्झाइम्सना तो चुकीचा दिसतच नाही. हा बदल पी५३ सारख्या, पेशींच्या वाढीला ब्रेक लावणाऱ्या जीनमध्ये झाला तर धोका वाढतो, तरी एका बदलाने सहसा कॅन्सर होत नाही, वर्षानुवर्षं असे बरेच बदल साठावे लागतात.