शाहूपुरीतली ३ गुंठे जागा: स्वतः बांधायची की बिल्डरला द्यायची?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कोल्हापुरात शाहूपुरीत रोडटच ३ गुंठे, जुनं घर, पुढं दोन गाळे भाड्यानं दिलेले (मिळून ३० हजार), मिस्टर पुढच्या वर्षी रिटायर, फंड-ग्रॅच्युइटीचे ६० लाख येतील. बिल्डर खाली दुकानं, वर फ्लॅट असा टॉवर बांधून तुम्हाला ३ फ्लॅट, पहिल्या मजल्यावर दोन गाळे आणि बेसमेंटात गोडाऊन देतोय, आणि मुलगा म्हणतोय १.९० कोटी लोन काढून आपणच बांधू.

मुलाचं आधी. १० टक्क्यानं १५ वर्षांसाठी धरलं तरी हप्ता महिन्याला २ लाखाच्या वर जातो, आणि रिटायरमेंटच्या तोंडावर इतकी मुदत बँक देतीय कुठं! फंडाला हात लावू नका, विषय कट.

म्हणजे बिल्डरलाच द्या, पण आत्ताच्या ऑफरवर नको. सगळे वाटा किती टक्के यावर भांडत बसतात, खरा पैसा जातो तो उशिरात. अडचणीची जागा, शेजारची जुनी भिंत अगदी लागून, खोदताना ती ढासळू नये म्हणून आधी तिला आधार द्यायचा, सळई-वाळू उतरवायला जागा नाही, काँक्रीटची गाडी लावली की गल्ली बंद. काम रेंगाळतंच. बिल्डर तुम्हाला राहायला २० हजार देणार, तुमचं घरभाडं १८ आणि गाळ्यांचे बुडाले ३०, म्हणजे महिन्याला २८ हजार खिशातून, ३ वर्षांत १० लाख. पुढं दोन वर्षं लांबलं आणि त्यानं भाडं थांबवलं तर आणखी साडेअकरा लाख. म्हणून ताबा मिळेपर्यंत भाडं चालू आणि त्याची बँक गॅरंटी, हे ॲग्रीमेंटमध्ये पाहिजेच.

३ गुंठे म्हणजे साधारण ३०० चौरस मीटर, आणि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला रेरा (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारा कायदा) नोंदणीतून सूट आहे. बिल्डर हे मोठ्या खुशीनं सांगेल! पण नोंदणी नाही म्हणजे गिऱ्हाइकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधनही नाही, तेव्हा तुमचं कुंपण फक्त तुमचं ॲग्रीमेंट. बिल्डर बांधकामासाठी काढेल त्या प्रोजेक्ट लोनला तुमचा वाटा तारण जाणार नाही हेही लिहून घ्या.

आता वाट्यात काय घ्यायचं. बेसमेंट नको म्हणजे नको, २०१९ ला व्हीनस कॉर्नरला पाणी आलेलं विसरलात काय? पहिल्या मजल्यावरचे दोन गाळे सोडा आणि खाली रोडला एक मागा, जिना चढून गिऱ्हाईक येत नाही, भाडेकरूही टिकत नाही. त्या गाळ्याच्या छतातून वरच्या फ्लॅटचे ड्रेनेज पाइप जाणार नाहीत ना, तेवढा नकाशा आर्किटेक्टकडून बघून घ्या, गळतीवरून पुढं वर्षानुवर्षं कटकट होते.

टॅक्स: ॲग्रीमेंट रजिस्टर असेल तर तुमच्यासारख्या वैयक्तिक मालकाला कॅपिटल गेन (जागा दिल्यानं झालेल्या नफ्यावरचा टॅक्स) कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, मिळेल त्या वर्षी लागतो, सही केल्या वर्षी नाही. पण त्याआधी स्वतःच्या वाट्यातला फ्लॅट विकलात तर ही सोय गेली. घराच्या बदल्यात घर मिळालं तर सवलत बसते, गाळ्याला नाही. तुमच्या वाट्यावरचा जीएसटी कोण भरणार तेही आत्ताच ठरवा, नाहीतर ताब्याच्या वेळी बिल हातात पडेल.

आणि प्रॉपर्टी कार्डावर नणंदेचं नाव आहे म्हणालात, तर तिच्याशी बोलणं बिल्डरच्या आधी.