५० मीटर प्रोन मारतो, आता १००० यार्डांवर वारा वाचायला कसं शिकू?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात .२२ बोअरच्या रायफलवर ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) करता, सप्टेंबरपासून मास्टर्ससाठी इंग्लंडला येताय, युनिव्हर्सिटीच्या रायफल क्लबमधून बिस्लेला (सरेमधली मोठी शूटिंग रेंज) १००० यार्डांवर मारायला मिळेल असं कळलंय, तर वारा कसा वाचतात आणि येताना विंड मीटर घेऊन यावा का.

मीटर नका आणू, ते पैसे वाचवा. मीटर तुम्ही जिथं झोपलाय तिथला वारा सांगतो, आणि गोळी तिथून निघून पुढं ९०० मीटरच्या वर जाणार असते. शिवाय वारा ताशी किती मैल आहे हे कळून फारसं काही होत नाही. मागच्या गोळीच्या वेळी होता त्यापेक्षा आत्ता वाढलाय का कमी झालाय, आणि किती, हे कळलं पाहिजे. मी इथं सरेमध्ये राहतो, काही वर्षं टार्गेट रायफल मारतोय, आणि माझ्या मते वारा वाचणं म्हणजे ९० टक्के हेच आहे, बाकी सगळा तपशील.

टार्गेट रायफल म्हणजे काय ते आधी सांगतो कारण भारतातून येणाऱ्यांना वाटतं दुर्बीण लावून मारायचं असेल. तसं नाही. .३०८ ची सिंगल शॉट रायफल, १५५ ग्रेनची (साधारण १० ग्रॅमची) गोळी, पुढंमागं अॅपर्चर साइट (बारीक भोकातून नेम धरायचा), स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा), जॅकेट, प्रोन. म्हणजे तुमचंच काम, फक्त रायफल दणका देते आणि टार्गेट लांब. (स्कोप आणि रेस्ट वापरायचा असेल तर एफ क्लास वेगळा आहे, तो पण भारी आहे, पण स्लिंगवरनं येणाऱ्याने आधी हेच करावं.) त्यामुळे पोझिशन, ट्रिगर, श्वास हे तुमचं तयार आहे, राहिला तो वारा.

आता थोडे आकडे, कारण आकड्यांशिवाय अंदाज येत नाही. ताशी १० मैलांचा पूर्ण आडवा वारा असेल तर ही गोळी ३०० यार्डांवर साधारण २ मिनिटं (वेळेची नाही, कोनाची) सरकते, ६०० वर ५ च्या आसपास, आणि १००० वर ९ ते १० मिनिटं. मिनिट म्हणजे १०० यार्डांवर जवळपास १ इंच, १००० वर १० इंच. म्हणजे १००० वर आठ फूट बाजूला! टार्गेटवरचा बुल (मधलं पाच गुणांचं वर्तुळ) दोन फुटांचा, मध्यापासून फूटभर. म्हणजे हिशोब सरळ आहे, ताशी मैल-सव्वा मैलाचा अंदाज चुकला की पाचाऐवजी चार गुण. ५० मीटरवर तुम्हाला वारा कमी त्रास देतो असं नाही हां, तिथं १० मैलांचा वारा .२२ ला दोन-अडीच सेंटीमीटर ढकलतो आणि तुमची दहाची रिंग आहे १०.४ मिलिमीटरची. पण तिथं तुम्ही थांबू शकता. ६० गोळ्यांना ५० मिनिटं असतात, वारा आवडला नाही तर रायफल खांद्यावरून काढून बसा, परत तोच वारा आला की मारा. बिस्लेला एका टार्गेटवर दोघं किंवा तिघं आळीपाळीने मारतात आणि तुमची पाळी आली की ४५ सेकंद. तेवढ्यात वारा बघायचा, त्या हिशोबाने साइट फिरवायची, मारायचं. तुमची ती थांबायची सवय इथं मोडावी लागते, आणि मला वाटतं ५० मीटरवाल्यांना सगळ्यात अवघड तेच जातं.

अजून एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना खरी वाटत नाही. गोळी वाऱ्यात किती वेळ होती यावर ती किती सरकणार ते ठरत नाही, हवेच्या अडथळ्यामुळे तिला किती उशीर झाला यावर ठरतं. १००० यार्डांना आपली गोळी साधारण दीड सेकंद घेते, हवाच नसती तर एक सेकंदात पोचली असती, तो जो अर्ध्या सेकंदाचा उशीर तो गुणिले वाऱ्याचा वेग, एवढी ती सरकते. करून बघा, १० मैल म्हणजे सेकंदाला पावणेपंधरा फूट, त्याच्या अर्ध्याच्या थोडं वर, आले की नाही आठ फुटांच्या जवळ. म्हणूनच .२२ मध्ये हाय व्हेलॉसिटी गोळ्या मॅचच्या हळू गोळ्यांपेक्षा वाऱ्यात जास्त वाहतात, आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो ना. त्यामुळे फास्ट गोळी म्हणजे वारा कमी हे डोक्यातून काढा.

आता दिशा. नवीन माणूस वारा किती जोरात आहे ते बघत बसतो आणि दिशेकडं दुर्लक्ष करतो, आणि १००० वर मार खातो तो इथंच. घड्याळ समजा, टार्गेट बारावर. तीन किंवा नऊ वाजताचा वारा पूर्ण लागतो, एक वाजताचा निम्मा, दोनचा ८५-८७ टक्के. म्हणजे १० मैलांचा वारा तीनवरून दोनवर सरकला तर तुमची १० मिनिटं पावणेनऊच्या आसपास होणार, ठीक आहे, एक चार बसेल. पण तोच वारा समोरून, बारावरून, एकवर सरकला तर शून्याची थेट ५ मिनिटं होतात, म्हणजे चार फूट, म्हणजे टार्गेटच्या पार कडेला. आणि वारा दाखवायला रेंजवर लावलेल्या फ्लॅगकडं बघाल तर दोन्ही वेळा तो तेवढाच फडफडतोय, कोन फक्त जरासा बदललाय. म्हणून जोराचा आडवा वारा बघून घाबरू नका, समोरून किंवा पाठीमागून येणारा आणि इकडंतिकडं शेपूट हलवणारा वारा असेल त्या दिवशी सावध राहा. असा वारा असला की मी फ्लॅगची टोकं मधल्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहेत तेवढंच बघतो, जोर-बिर नंतर.

फ्लॅग जड असतात, हलका वारा त्यांना उचलत नाही, बदल पण उशिरा दाखवतात. ऊन असेल तर मिराज बघायचं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते तेच, स्पॉटिंग स्कोपमधून ते पंचगंगेच्या पाण्यासारखं एका बाजूला वाहताना दिसतं. स्कोप आधी टार्गेटवर फोकस करा, मग जरा मागं आणा, रेंजच्या मध्यापर्यंत, म्हणजे मधल्या हवेचा प्रवाह दिसेल. मिराज सरळ वर उकळत असेल तर एकतर वारा नाही किंवा तो बरोबर समोरून नाहीतर पाठीमागून आहे, आणि अशा वेळी घाई करून मारू नका, कारण ते कुठल्या तरी बाजूला वळणारच असतं. दिशा नक्की करायची एक जुनी युक्ती आहे, मिराज सरळ वर जाताना दिसेपर्यंत स्कोप हळूहळू फिरवा, जिथं वर जातंय त्या रेषेत वारा. पण जोर वाढला, दहा-बारा मैलांच्या वर गेला, की मिराज चपटं होतं आणि पंधरा मैल असो का वीस सारखंच दिसतं, तिथून पुढं परत फ्लॅग. आणि इंग्लंड आहे, ढग आले की मिराज गायब, मग फ्लॅग, झाडं, गवत, शेजारच्याच्या गोळ्या कुठं पडतायत ते, जे मिळेल ते.

जवळचा फ्लॅग बघायचा का लांबचा यावर क्लबात तासन्‌तास वाद घालतात लोक. गणित म्हणतं जवळचा, कारण सुरुवातीला गोळी वळली की तो कोन पुढं सगळ्या अंतरभर वाढत जातो. पण गोळी मध्ये नजरेच्या रेषेच्या दहा-बारा फूट वर गेलेली असते आणि वर वारा जास्त. बिस्लेची लांब अंतराची रेंज, स्टिकलडाउन, तिथं जमीन पण सपाट नाही. मी एकच फ्लॅग धरतो, जो त्या दिवशी माझ्या गोळ्यांशी जुळतोय तो, बाकीचे फक्त काय येतंय त्याची चाहूल म्हणून. सगळे फ्लॅग वाचायला गेलं की ४५ सेकंद संपतात.

आता शिकायचं कसं. पाळी यायच्या आधी दहा मिनिटं रेंजवर नुसतं बघत बसा आणि ठरवा, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. समजा डावीकडून ४ ते ८ मिनिटं. मग प्रत्येक गोळीच्या आधी प्रश्न एवढाच उरतो की आत्ता आपण चारच्या बाजूला आहोत का आठच्या. गोळी गेली की दोन गोष्टी लगेच, खाली खंदकात ओढलेलं टार्गेट परत वर यायच्या आत. एक, ट्रिगर सुटताना साइट कुठं होती ते मनात सांगा, उजवीकडं होती तर उजवीकडं (यालाच कॉल म्हणतात). दोन, वारा काय लावला होता ते वहीत लिहा. मग टार्गेट वर येतं, खाली बटमध्ये, म्हणजे त्या खंदकात, बसलेला मार्कर भोकात डिस्क लावून दाखवतो. समजा साइटवर ५ डावीकडे होते, तुमचा कॉल मध्ये होता आणि गोळी १ मिनिट उजवीकडं पडली, तर खरा वारा ६ होता. तो ६ लिहा, शेजारी फ्लॅग कसा होता ते दोन शब्दांत. पण म्हणून पुढच्या गोळीला डोळे झाकून ६ लावू नका! मधल्या मिनिटभरात वारा बदललेला असतो. मागची गोळी जिथं पडली तिकडं साइट फिरवत राहणारा माणूस सगळा वेळ वाऱ्याच्या एक पाऊल मागं असतो, आणि असे लोक दहा-दहा वर्षं मारणारे पण भेटतील तुम्हाला. आधी विचारायचं, सहा होता तेव्हा फ्लॅग असा होता, आता कसा आहे, वाढलाय, बरं मग सात. असं पंधरा गोळ्या लिहिल्यावर वहीत त्या दिवसाचा वारा दिसायला लागतो, आणि घरी जाऊन वाचली की अजून दिसतो.

पण सगळ्यात लवकर शिकायचं असेल तर टीम मॅचला जा, मारायला नाही मिळालं तरी. टीम मॅचमध्ये वारा शूटर बघतच नाही, बाजूला विंड कोच बसलेला असतो, तो साइट फिरवतो नाहीतर किती लावायचं ते सांगतो, शूटर फक्त चांगली गोळी सोडतो. कोचच्या शेजारी वही घेऊन प्लॉटर बसतो. ते प्लॉटरचं काम मागून घ्या, फारसं कोणी हौसेने करत नाही त्यामुळे मिळतं. एक चांगला कोच दुपारभर तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतो ते ऐकणं आणि त्याच वेळी गोळ्या कुठं पडतायत ते कागदावर मांडणं, याच्या तोडीचं दुसरं शिक्षण मला तरी माहीत नाही.

आणि तुम्ही कोल्हापूरचे म्हणून सांगतो, तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळेमुळे आपला जिल्हा रायफलवाल्यांना माहीत आहेच, पण बिस्लेला कोल्हापूर त्याच्याही कितीतरी आधी पोचलंय. तिथं जुलैच्या इंपिरियल मीटिंग या वार्षिक स्पर्धेत कोलापोर नावाची टीम मॅच होते, वेगवेगळ्या देशांच्या आठ-आठ जणांच्या टीम, ३००, ५०० आणि ६०० यार्ड. तो कप कोल्हापूरच्या राजांनी दिलेला, १८७१ चा, तेव्हा बिस्ले नव्हतंच, स्पर्धा विंबल्डनला व्हायच्या, बिस्लेला आल्या १८९० मध्ये. जुलैत इथं असलात तर ती मॅच कोचच्या मागं बसून बघा, परवानगी विचारून.

बाकी व्यवहाराचं: क्लबात पूर्ण मेंबर व्हायला कमीत कमी तीन महिने प्रोबेशन असतं, तोपर्यंत क्लबच्या रायफलवर देखरेखीखाली मारायला मिळतं, स्वतःची रायफल घ्यायची तर पोलिसांकडून सर्टिफिकेट, एका वर्षाच्या कोर्ससाठी ती भानगड नका करू. जॅकेट, ग्लव्ह, स्लिंग तुमचंच आणा. स्पॉटिंग स्कोप क्लबात असतो, पण स्टँड असा लावून घ्या की प्रोनमध्ये मान न हलवता डाव्या डोळ्याने बघता येईल. पहिले काही महिने ३०० ते ६०० वरच काढा, तिथं वारा चुकला तर किती चुकला ते टार्गेटवर दिसतं, १००० वर नवीन माणसाची गोळी टार्गेटच्या बाहेर गेली की मार्कर नुसता मिस दाखवतो, आणि ती डावीकडनं गेली का उजवीकडनं हे कोणी सांगू शकत नाही.